सहा किलोमीटरची गोष्ट आणि एकवीस सेकंदांचा इतिहास

अविनाश साबळे म्हटलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, आईवडील शेती आणि वीटभट्टीवर राबणारे, शाळेला जायला गाडी नाही, म्हणून पोरगं रोज सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जायचं. सत्काराच्या भाषणात हेच, वर्तमानपत्राच्या पुरवणीत हेच, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्येही हेच. आणि मग लगेच पुढचं वाक्य: बघा, त्यातूनच ऑलिम्पिकपर्यंत गेला.

आज मला त्या 'त्यातूनच' या शब्दाबद्दल बोलायचं आहे. तुम्ही पीएचडीची तयारी करताय, पेट देताय, प्रस्ताव लिहिताय. तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात धोकादायक शब्द बहुधा हाच असणार आहे. एक गोष्ट आधी घडली, दुसरी नंतर घडली, आणि आपण मध्ये 'त्यातूनच' ठेवून मोकळे होतो. साबळेची कारकीर्द हे यावरचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. कारण इथे गोष्टही आहे आणि आकडेही आहेत, आणि दोघं वेगळं काहीतरी सांगतात.

आधी खेळ समजून घेऊ, नाहीतर आकडे हवेत राहतील. ३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे ट्रॅकवरची साडेसात फेऱ्यांच्या आसपासची शर्यत, आणि वाटेत ३५ उड्या. त्यातल्या २८ कोरड्या अडथळ्यांवरून, ७ पाण्याच्या खड्ड्यावरून. पुरुषांसाठी अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच. हर्डल्समधला अडथळा धक्का लागला की पडतो. हा पडत नाही, हे जाडजूड लाकूड आहे, पडायचं ते तुम्ही. पाण्याच्या उडीत पलीकडचा खड्डा ३.६६ मीटर लांब असतो, म्हणून बहुतेक जण लाकडावर पाय देऊन झेप घेतात. दम, वेग, उडीचं तंत्र आणि शर्यतीतली हुशारी, चारही लागतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता इतिहास. १९८१ साली टोकियोत राजस्थानच्या गोपाल सैनी यांनी ८ मिनिटं ३०.८८ सेकंद अशी वेळ दिली. हा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं टिकला. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरच्या खुल्या राष्ट्रीय स्पर्धेत साबळेने ८:२९.८० नोंदवली आणि तो मोडला. म्हणजे ३७ वर्षांत १.०८ सेकंदाची सुधारणा. त्यानंतर एकट्या साबळेने हाच विक्रम आणखी नऊ वेळा मोडला आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये तो ८:०९.९१ वर आणून ठेवला. सहा वर्षांहून कमी काळात जवळजवळ २० सेकंद. तुम्हाला सेकंदांतून अंदाज येत नसेल तर असं बघा: पॅरिसचा साबळे आणि टोकियोचे सैनी एकाच शर्यतीत पळाले असते, तर साबळे रेषेवर पोचला तेव्हा सैनी सव्वाशे मीटरच्या आसपास मागे असते.

इथे एक मोह होतो, की सैनींचा विक्रम कमी दर्जाचा होता असं म्हणावं. पण तुलना कुणाशी करायची ते आधी ठरवा. १९८१ मध्ये जागतिक विक्रम केनियाच्या हेन्री रोनोचा होता, ८:०५.४. सैनी त्याच्यापासून साधारण साडेपंचवीस सेकंद लांब होते. २०१८ मध्ये सैनींचा विक्रम मोडायच्या आदल्या दिवशी जागतिक विक्रम होता ७:५३.६३. म्हणजे अंतर ३७ सेकंदांच्या वर गेलं होतं. राष्ट्रीय विक्रम 'टिकला' असं आपण अभिमानाने म्हणतो, पण त्या ३७ वर्षांत भारतीय स्टीपलचेस जगाच्या मानाने बारा सेकंद मागे सरकली होती. २०२४ मध्ये जागतिक विक्रम इथिओपियाच्या लामेचा गिर्माच्या नावे ७:५२.११ होता आणि साबळे त्याच्यापासून १७.८ सेकंदांवर. साडेपंचवीस, सव्वासदतीस, पावणेअठरा. हे तीन आकडे एका ओळीत मांडले तर सैनींचं मोठेपण, मधल्या काळातलं साचलेपण आणि साबळेचं काम, तिन्ही दिसतं. नुसता '३७ वर्षांचा विक्रम मोडला' हा मथळा यातलं काहीच दाखवत नाही.

आता पुन्हा त्या सहा किलोमीटरकडे येऊ. शाळेला पळत जाण्याने साबळे घडला, या विधानाची परीक्षा कशी घ्यायची?

पहिला प्रश्न असा: ज्यांच्या बाबतीत कारण होतं पण परिणाम झाला नाही, ते कुठे आहेत? बीड जिल्हा कसा आहे हे तुम्हाला सांगायला नको. आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज, कुठल्याही तालुक्यात वाडी-वस्तीवरून तीन-चार-सहा किलोमीटर चालत शाळेत जाणारी मुलं पिढ्यान् पिढ्या होती. दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघाल्या की अनेक मुलं आईबापाबरोबर फडावर जातात आणि शाळाच सुटते. ती तर याहून जास्त चालतात, डोक्यावर मोळी घेऊन. अंतर आणि कष्ट यांनीच धावपटू घडत असते तर एव्हाना जिल्ह्यात स्टीपलचेसचे शेकडो खेळाडू असते. आपण फक्त पोचलेल्याला विचारतो की तू कसा पोचलास. न पोचलेल्यांना कुणी माइक देत नाही. संशोधनात याला सर्व्हायवरशिप बायस म्हणतात, आणि मराठी यशोगाथांचा अर्धा बाजार त्यावर चालतो असं माझं मत आहे.

दुसरा प्रश्न काळाचा. साबळेचा जन्म १३ सप्टेंबर १९९४ चा. बारावीनंतर तो सैन्यात गेला, ५ महार रेजिमेंटमध्ये. २०१३-१४ मध्ये सियाचीनला होता, मग राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीमला. धावण्याच्या स्पर्धेत उतरला तो २०१५ मध्ये, सैन्याअंतर्गत क्रॉसकंट्रीत. स्टीपलचेसकडे वळला तो आणखी नंतर, सैन्याचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांच्या सांगण्यावरून. मधल्या काळात दुखापत झाली होती, वजन वाढलं होतं, आणि तीन महिन्यांत त्याने वीसेक किलो कमी केलं असं त्याच्याबद्दलच्या बातम्यांत येतं. म्हणजे शाळेची वाट आणि पहिला राष्ट्रीय विक्रम यांच्यात बरीच वर्षं आहेत, आणि त्या वर्षांत सैन्य आहे, बर्फ आहे, वाळवंट आहे, वाढलेलं वजन आहे. तुमचं कारण या सगळ्याला ओलांडून पलीकडे कसं पोचलं, ते दाखवायची जबाबदारी तुमची.

मग काही जण म्हणतात, ठीक आहे, शाळा नाही तर सियाचीन. विरळ हवेत राहिला, फुप्फुसं तयार झाली. माझं शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे ही थिअरी ऐकायला मला आवडते, पण ती टिकत नाही. उंचीवर राहिल्याने रक्तातलं हिमोग्लोबिन वाढतं हे खरं. पण खाली उतरल्यावर ते काही आठवड्यांत मूळ पातळीकडे यायला लागतं. म्हणूनच धावपटू स्पर्धेच्या तोंडावर उंचीवरच्या शिबिराला जातात, चार-पाच वर्षं आधी जाऊन परत येत नाहीत. सियाचीनने त्याला सोसायला शिकवलं असेल. ते मी नाकारत नाही, पण ते मोजलेलं नाही.

तिसरा मोह जास्त गोड आहे, कारण त्यात दोन उदाहरणं आहेत. ललिता बाबर. सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातलं मोही गाव. तोही दुष्काळी तालुका, तीही शेतकऱ्याची मुलगी, तिचीही स्पर्धा ३००० मीटर स्टीपलचेस. २०१५ मध्ये वुहानला आशियाई विजेती, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत, तिथे दहावी. आष्टी आणि माण, दोन्ही पर्जन्यछायेत. झालं, आपला सिद्धांत तयार: दुष्काळी माती, चिवट माणसं.

थांबा. दोन उदाहरणांत समान असलेली गोष्ट शोधायला गेलं की ती हमखास सापडते, कारण कुठल्याही दोन माणसांत पन्नास गोष्टी समान असतात. दुष्काळ समान आहे. पण आणखी एक गोष्ट समान आहे, जिच्याबद्दल कुणी भाषण करत नाही: दोघांनाही पगार होता. साबळेला सैन्याचा, बाबरला रेल्वेचा. पोटापाण्याची चिंता न करता दिवसातून दोनदा पळता येईल, जखमी झाल्यावर घरी पाठवणार नाहीत, अशी संस्था दोघांच्याही मागे होती. दुष्काळ हे कारण मानायचं की पगार? दुष्काळ असलेली आणि पगार नसलेली मुलं लाखांनी आहेत आणि त्यांच्यातून स्टीपलचेसचा ऑलिम्पियन झालेला नाही. याने पगार हे एकमेव कारण ठरत नाही, पण दोन गृहीतकांपैकी कुठलं आधी तपासायचं ते ठरतं.

बीडमध्ये पहाटे पाचला कुठल्याही रस्त्यावर या. भरतीची पोरं पळत असतात. सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर पळायचं असतं, साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण गुण. आपल्याकडच्या ग्रामीण मुलाच्या दमाची घड्याळ लावून झालेली मोजणी बहुतेक वेळा आयुष्यात एवढीच. खेळाडू शोधायची व्यवस्था म्हणून ती कुणी उभी केलेली नाही, पण नकळत ती तेच काम करते: हजारो मुलांतून पळू शकणारी वेगळी काढते आणि त्यातल्या थोड्यांना प्रशिक्षक, खुराक आणि ट्रॅक असलेल्या जागी नेऊन पोचवते. मुलींसाठी हा दरवाजा जवळपास बंदच राहिला आहे. साबळेच्या गोष्टीत मला खरी यंत्रणा इथे दिसते. हे माझं गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. फरक तुम्हाला माहीत आहे.

आता आकड्यांकडे, कारण मला सगळ्यात जास्त रस तिथे आहे. साबळेचे दहा राष्ट्रीय विक्रम क्रमाने घ्या आणि प्रत्येकासमोर जागा लिहा. सप्टेंबर २०१८, भुवनेश्वर, ८:२९.८०. मार्च २०१९, पतियाळा, ८:२८.९४. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत तीन दिवसांच्या अंतराने दोनदा, ८:२५.२३ आणि ८:२१.३७. मार्च २०२१, पुन्हा पतियाळा, ८:२०.२०. जुलै २०२१, टोकियो ऑलिम्पिक, ८:१८.१२. मार्च २०२२, तिरुवनंतपुरम, ८:१६.२१. जून २०२२, रबात, ८:१२.४८. ऑगस्ट २०२२, बर्मिंगहॅम, ८:११.२०. आणि जुलै २०२४, पॅरिस, ८:०९.९१.

सैनींच्या विक्रमापासून एकूण सुधारणा २०.९७ सेकंदांची. आता ती दोन ढिगांत वाटा: देशात झालेले चार विक्रम आणि परदेशात झालेले सहा. देशातल्या चारांनी मिळून ५.०२ सेकंद कापले. परदेशातल्या सहांनी १५.९५. म्हणजे साधारण तीन-चतुर्थांश सुधारणा परदेशी ट्रॅकवर नोंदली गेली. एका विक्रमामागची सरासरी काढली तर देशात सव्वा सेकंद, परदेशात अडीच सेकंदांहून जास्त. ही बेरीज-वजाबाकी तुम्हीही पाच मिनिटांत करू शकता, कागदावर करून बघाच.

पाहिल्याबरोबर निष्कर्ष सुचतो: आपल्याकडे त्याला टक्कर देणारं कुणी नव्हतं, तो एकटाच पुढे पळायचा, बाहेर वेगवान गट मिळाला आणि त्यांच्यामागे तो ओढला गेला. मला हे पटतं. दोहाची ती दोन दिवसांतली साडेसात सेकंदांची उडी पाहा. मार्च ते ऑक्टोबरमध्ये शरीर सुधारलं असेलच, पण १ ऑक्टोबरची प्राथमिक फेरी आणि ४ ऑक्टोबरचा अंतिम सामना यांच्यात ३.८६ सेकंदांइतकं शरीर सुधारत नसतं. बदलली ती शर्यत.

पण पटतं म्हणून सिद्ध होत नाही. तुमचा परीक्षक लगेच विचारेल: देशातल्या चारपैकी तीन शर्यती मार्चमधल्या आहेत. मार्च म्हणजे हंगामाची सुरुवात. परदेशातल्या सगळ्या जून ते ऑक्टोबरमधल्या, म्हणजे शरीर ऐन भरात असताना. मग फरक जागेचा की महिन्याचा? मार्चमध्ये आपल्याकडचं ऊन, बाहेरची हवा थंड, हाही फरक. आणखी एक: मार्चमध्ये केलेला विक्रम पुढच्या उडीची सुरुवातीची पायरी ठरतो. तो मार्चमध्ये पळालाच नसता तर सगळी सुधारणा परदेशाच्या खात्यात गेली असती. म्हणजे आपण केलेली वाटणी थोडी शर्यतींच्या वेळापत्रकावरही अवलंबून आहे. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात, आणि एका खेळाडूच्या दहा नोंदींतून त्याची गाठ सुटणार नाही. सोडवायची असेल तर इतर भारतीय धावपटूंच्या देशातल्या आणि परदेशातल्या एकाच महिन्यातल्या वेळा घ्याव्या लागतील. कुणाला एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय हवा असेल तर हा घ्या.

दोहाबद्दल आणखी एक गोष्ट, जी आलेखात दिसत नाही. त्या प्राथमिक फेरीत तो इतर धावपटूंच्या पडापडीत अडकला होता, आणि ८:२५.२३ चा राष्ट्रीय विक्रम करूनही अंतिम फेरीबाहेर होता. भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाने आक्षेप नोंदवला, चित्रफीत तपासली गेली आणि त्याला अंतिम फेरीत घेतलं. तिथे ८:२१.३७ आली, तेरावा क्रमांक, आणि ८:२२.०० हा टोकियो ऑलिम्पिकचा पात्रता निकष पूर्ण झाला. आक्षेपाचा अर्ज फेटाळला असता तर ही नोंदच नसती. इतिहासात अशा जागा असतात, जिथे सगळं काही एका कागदावर टांगलेलं असतं. आलेख काढणाऱ्याला तिथे फक्त एक ठिपका दिसतो.

आता विक्रम नसलेल्या नोंदी घ्या, कारण आपण आतापर्यंत फक्त चढत्या पायऱ्या पाहिल्या. विक्रमांचा आलेख कधी खाली येऊच शकत नाही, ती त्याची व्याख्याच आहे. सगळ्या शर्यती घेतल्या की चित्र खडबडीत होतं. जुलै २०२२, युजीन, जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी: साबळे अकरावा, वेळ ८:३१.७५. ही त्याच्या २०१८ च्या पहिल्या विक्रमापेक्षाही हळू आहे, आणि रबातच्या ८:१२ नंतर दीड महिन्यातच! बिघाड झाला का? विजेत्या एल बक्कालीची वेळ पाहा, ८:२५.१३. सगळी शर्यतच मंद पळाली गेली, शेवटच्या फेरीवर डोळा ठेवून. अशा शर्यतीत वेळ काही मोजत नाही, क्रमांक मोजतो. विदा गोळा करताना असा ठिपका दिसला की 'आउटलायर' म्हणून खोडून टाकायची आपल्याला भारी घाई असते. खोडू नका. तो चुकलेला ठिपका नाही, तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे.

उलट उदाहरण टोकियोचं. ३० जुलै २०२१ ला त्याने ८:१८.१२ पळून राष्ट्रीय विक्रम केला आणि तरी अंतिम फेरी हुकली. नियम असा होता की तीन प्राथमिक फेऱ्यांतून प्रत्येकी पहिले तीन थेट जातील, आणि उरलेल्यांतून वेळेनुसार सहा. साबळे दुसऱ्या फेरीत होता, ती वेगवान निघाली, तो सातवा आला. तिसरी फेरी मंद झाली, आणि तिथून थेट गेलेले तिघे वेळेत त्याच्यापेक्षा हळू होते. पुढे जागतिक संघटनेने २०२३ पासून या शर्यतींत वेळेवर पात्र ठरायची सोयच काढून टाकली, फक्त क्रमांक. त्या नव्या नियमाने बुडापेस्टला तो ८:२२.२४ सह सातवा येऊन बाहेर पडला, आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ८:१५.४३ सह पाचवा येऊन आत गेला. ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. अंतिम फेरीत अकरावा, ८:१४.१८. टोकियोत नापास आणि पॅरिसमध्ये पास, यात खेळाडू बदलला, नियमही बदलला. दोन्हींचा वाटा वेगळा काढल्याशिवाय 'प्रगती' हा शब्द वापरू नये.

आणि प्रगती मोजायची तरी कशाने? हांगझोऊच्या आशियाई खेळांत १ ऑक्टोबर २०२३ ला त्याने सुवर्ण जिंकलं, पुरुषांच्या स्टीपलचेसमधलं भारताचं पहिलं, शिवाय ५००० मीटरमध्ये रौप्य. वेळ होती ८:१९.५०, स्पर्धेचा विक्रम, पण स्वतःच्या सर्वोत्तमपेक्षा आठ सेकंदांनी हळू. जिल्ह्यात सगळ्यात जास्त फटाके त्याच दिवसाचे असतील तर नवल नाही. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत मात्र ८:११.२० पळूनही रौप्यच. सुवर्ण अब्राहम किबिवोटचं, ८:११.१५. पाच शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला साधारण एक फूट. पण १९९८ ते २०१८ या सगळ्या राष्ट्रकुल स्पर्धांत पुरुष स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाकडे गेली होती. ती रांग या फूटभराने हुकलेल्या रौप्याने तोडली. पदक, वेळ, क्रमांक, जागतिक विक्रमापासूनचं अंतर: चार मापं घ्या, चार वेगवेगळी शिखरं मिळतील. मी स्वतः बर्मिंगहॅमला शिखर मानतो. हा निवाडा आहे, मोजमाप नाही.

एक जागा राहिली, ती विसरू नका. ऑक्टोबर २०१९ ते मार्च २०२१ या सतरा महिन्यांत स्टीपलचेसचा एकही विक्रम नाही. कोरोना. स्पर्धाच नाहीत. नुसत्या ट्रॅकच्या नोंदी पाहणारा म्हणेल, इथे प्रगती थांबली. पण नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या अर्धमॅरेथॉनमध्ये, म्हणजे रस्त्यावर, त्याने १ तास ३० सेकंद अशी वेळ दिली. आधीचा राष्ट्रीय विक्रम कालिदास हिरवेचा होता, १:०३:४६. तीन मिनिटांहून जास्त सुधारणा, एका फटक्यात. ट्रॅकवरच्या पुराव्यातली पोकळी रस्त्यावरच्या पुराव्याने भरून निघते. जुन्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांना हे नवीन नाही: एका दप्तरात पानं गहाळ असली की दुसऱ्या दप्तराचा दरवाजा ठोठवायचा. विज्ञानवाले मात्र 'मिसिंग डेटा' लिहून पुढे सरकतात.

हे सगळं एवढं ताणून सांगायचं कारण शब्दांचा काथ्याकूट नाही. 'सहा किलोमीटर पळत गेला म्हणून घडला' हे खरं मानलं, तर शाळेला बस नसणं ही सोय ठरते. ट्रॅक नसणं, प्रशिक्षक नसणं, हे सगळं जणू चिवटपणाचं शिबिर. आष्टीला रेल्वे पोचली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या रौप्यानंतर दीड महिन्याने. बीड शहरात पोचायला तिला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. उशिराचं कौतुक करायची सवय लागली की उशीर हाच विकास वाटू लागतो. आणि तुमच्यातल्या अनेकांबद्दलही हीच गोष्ट सांगितली जाणार आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून, कंदिलाखाली, आणि बघा आता पीएचडी. ऐकायला बरं वाटतं. पण कंदिलाने पीएचडी दिलेली नसते. शिष्यवृत्तीचा हप्ता, वसतिगृहाची खोली, एखादा वेळ देणारा मार्गदर्शक, यातलं काय मिळालं आणि काय मिळालं नाही, त्याची नोंद कुठेतरी असायला हवी.

साबळेची नोंदवही अजून उघडी आहे. मे २०२५ मध्ये गुमीला त्याने आशियाई स्पर्धेचं सुवर्ण जिंकलं, ८:२०.९२. जुलैमध्ये मोनॅकोच्या डायमंड लीगमध्ये पाण्याच्या उडीवर पडला, गुडघ्याच्या अस्थिबंधाला दुखापत झाली, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, आणि सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. अशा नोंदींना आपण सेन्सॉर्ड म्हणतो: निरीक्षण थांबलंय, घटना संपलेली नाही. ८:०९.९१ पुढे शेवटचा आकडा म्हणून पूर्णविराम देऊ नका.

आणि ज्याला या विषयात खरंच उतरायचं असेल, त्याने विक्रमांपासून सुरुवात करू नये. आष्टी तालुक्यातल्या शाळांची दाखलखारीज रजिस्टरं शोधावीत. १९९४ च्या आसपास जन्मलेली, लांबून चालत येणारी मुलं आज कुठे आहेत ते बघावं: किती भरतीला गेली, किती फडावर, किती पुण्याला कंपनीत. त्या यादीत साबळे एक ओळ असेल.